दाखल्यातली सत्तेचाळीस मिनिटे

लोणावळे,
ता. ८ फेब्रुवारी १९३८

प्रिय गोपाळकृष्ण यास,
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांत तुला मी एकच पत्र लिहिले, आणि तेही मंडळाच्या छापील कागदावर, चिटणीस या नात्याने. या अबोल्याबद्दल आधी क्षमा मागतो. वहिनी आजारी असल्याचे कळूनही मी आलो नाही, चार ओळी खरडल्या नाहीत. माझे दोन चांगले गडी तू पुण्याला तुझ्या मंडळात नेलेस, त्याचा राग मी जपून ठेवला होता आणि त्याला तत्त्व म्हणत होतो. वहिनींना आता उतार आहे असे माझ्या मेहुण्याकडून समजले. खरेच आहे ना?

इकडे सर्व ठीक. थंडी अजून हटत नाही. शाळेत मॅट्रिकच्या मुलांची भूमिती उरकण्याच्या मागे आहे. प्रमोदिनीचा गुडघा दुखतो, पण ती बसत नाही.

घाटाच्या सायकल शर्यतीची ढाल यंदा आमच्या इंद्रायणी मंडळाकडे आली, हे तुला सांगायला नको. तू खंडाळ्याला शेवटच्या रेषेवरच उभा होतास. आमचा बजरंग पहिला, तुझा गडी दुसरा, आमचा सोपान तिसरा. तू माझ्याकडे पाहून टोपी सारखी केलीस आणि मोटारीत बसलास. मीही हाक मारली नाही. पण खाली शिंग्रोबाच्या देवळावरच्या वळणावर काय झाले, ते तुला तिथून दिसणे शक्य नव्हते. मी भाजीच्या लॉरीत बसून मागून येत होतो, म्हणून मला दिसले.

त्या वळणावर बजरंगाच्या पोटऱ्या आखडल्या. सोपान तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता, निदान दोनशे वार. त्याने मागे पाहिले, बजरंग दिसेना. तशी त्याने सायकल वळवली, तुझ्या चढत्या गड्यांच्या समोरून खाली आला, बजरंगाच्या पुढे लागला आणि वारा अंगावर घेत त्याला वर घेऊन गेला. ते वळण तो दोनदा चढला, गोपाळ. तरी तुझे चार गडी त्याच्या मागे राहिले. लॉरीवाला मला म्हणाला, "मास्तर, ह्यो गडी हाय का इंजान?" माझ्या छातीत काय भरून आले ते मी रोजनिशीतही नीट लिहू शकलो नाही.

सोपान आंदर मावळातला, कुसूरचा. वय तेवीस. बायको कस्तुराबाईला घेऊन भांगरवाडीत खोली करून राहतो. पहाटे इथल्या भट्टीचे पाव खोपोलीला उतरवतो आणि येताना मागे दोन पाट्या मासळी बांधून घाट चढतो, बंगल्यांसाठी. शर्यतीसाठी नव्हे, पोटासाठी, पाच वर्षे रोज. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी सायकल हातात धरून धापा टाकीत चाललो होतो आणि तो मागून आला. म्हणाला, "मास्तर, जरा कडंला व्हा, वास मारंल."

चढाचा गडी कसा ओळखावा यावर आपण वसतिगृहात किती भांडलो होतो. तू मांड्या पाहायचास. मी अजूनही खांदे पाहतो. चढावर खांदे हलू लागले की समजावे, पाय संपले. सोपानचे खांदे हलत नाहीत. तोंड मिटलेले असते. शिंग्रोबासमोर, जिथे आपण उतरून चालतो तिथे, तो एक हात सोडून देवाला नमस्कार करतो आणि सायकल रेषभरही वाकडी होत नाही. माझ्या वीस वर्षांच्या हौसेत मी असा गडी पाहिला नाही. त्याला प्रथम मी हेरले याचा अभिमान मला आहे. तो लपवीत नाही.

आता जे लपवले ते लिहितो.

गेल्या ऑक्टोबरात तुझे पत्र आले. गिरणीने तुमच्या मंडळाला दिलेल्या पगारी जागांपैकी एक रिकामी आहे, सकाळी काम आणि दुपारी सराव, मार्चमध्ये निलगिरीत चढाची शर्यत. घाट पंचेचाळीस मिनिटांच्या आत चढणारा गडी हवा. सोपानविषयी ऐकले आहे, तरी त्याचा दाखला पाठवावा. दाखल्याचा नियम माझाच. माझे दोघे तू नेलेस त्यानंतर मीच तो सगळ्या मंडळांच्या बैठकीत मांडला होता: गडी दुसरीकडे जायचा तर जुन्या मंडळाच्या चिटणिसाने दाखला द्यावा, आणि त्यात घाटातली त्याची खरी वेळ लिहावी. 'खरी' हा शब्द मी आग्रहाने घालायला लावला होता. तू तेव्हा हसला होतास.

तुझे पत्र आल्यावर मी वेळ घेतली. खोपोलीत दत्तोबा, आपले जुने रेल्वेचे गार्ड, त्यांनी सोपानला सोडले, वर मी उभा. दोन्ही घड्याळे सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी लावलेली. माझ्या हिशेबाने एकेचाळीस मिनिटे, वीस सेकंद झाली. बजरंगाची, म्हणजे तोवरची आमची सर्वांत चांगली वेळ, सेहेचाळीस.

मी म्हटले, हे शक्य नाही. दत्तोबांचे घड्याळ पुढे पळत असणार. संध्याकाळी ते वर आले तेव्हा मी तसे बोललोही. ते उठून उभे राहिले. "मास्तर, तीस वर्सं ह्या घड्याळावर मेल सुटली," म्हणाले, "तुमच्या शाळेची घंटा न्हाई ही." चहा न घेता गेले.

एरवी मला शंका आली की मी काय करतो, तुला ठाऊक आहे. एका गणितासाठी रात्र घालवणारा मी. पुन्हा वेळ घ्यायची, एवढेच करायचे होते. ते मी केले नाही. घड्याळाच्या चुकीबद्दल पाच-सहा मिनिटे धरली, आणि दाखल्यात लिहिले: सत्तेचाळीस मिनिटे. खाली टीप: 'गडी मेहनती, परंतु चढावर दम टिकेल याची खात्री देता येत नाही.' तू दोन ओळींत नकार कळवलास. त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि रोजनिशीत लिहिले की आपण घाईने कोणाची शिफारस केली नाही, हे बरे झाले.

शर्यतीत त्याने बजरंगाला सोडायचे नाही, ही आज्ञाही माझीच. मंडळात मी कारण दिले, बजरंग जुना गडी आहे, त्याचा मान आहे. कारण खोटे नव्हते. पण सोपान एकटा मोकळा सुटला असता तर वर तू घड्याळ घेऊन उभा होतास, हेही मला तितकेच दिसत होते. ज्या वळणाचे मी वर कौतुक केले, ते त्याला माझ्यामुळे दोनदा चढावे लागले. हे लिहिल्यावाचून ते कौतुक करण्याचा मला हक्क नाही.

दाखल्याची नक्कल मंडळाच्या वहीत आहे, ती मंडळातल्या मुलांनी वाचली. तेव्हापासून सोपानला सगळे 'सत्तेचाळीस' म्हणतात. "अरे सत्तेचाळीस, पंप दे." तो हसून पंप देतो.

ढाल मिळाल्यावर पेढे घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. कस्तुराबाईने घोंगडी टाकली. सोपान म्हणाला, "मास्तर, सायकल इकावी म्हन्तो."

"का रे?"

"गावाकडं भाताची खाचरं हायती, आबा एकलंच राबत्यात. हितं ऱ्हायचं ते ह्या चढापायी. वाटलं हुतं, ह्यातच काय तरी व्हईल. पर सत्तेचाळीस मिंटाचा गडी मी. पुन्यावाल्यांनी न्हाई म्हटलं, ते बरूबरच हाय."

"जाऊ द्या की," कस्तुराबाई म्हणाली, "गल्लीतली मांजरं तेवडी रडतील."

तो हसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मला आपलं वाटायचं, बजरंगदादापेक्षा माझा पाय हलका हाय. पर तुमी घड्याळ लावून लिवलं, ते खोटं थोडंच असंल?"

मी पेढा खाल्ला, गोपाळ. घरी आल्यावर प्रमोदिनीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची शंका बरी, नेमकी तुमच्याच मंडळाच्या फायद्याची निघाली." एवढेच.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी दत्तोबांकडे गेलो, माफी मागितली आणि एक काम मागितले. सोपानला काही न सांगता, रोजच्यासारखा तो खोपोलीहून निघेल ती वेळ त्यांनी टिपायची. त्यांनी मला बराच वेळ उभे ठेवले, मग म्हणाले, "घड्याळ माझंच चालंल का?" मी म्हटले, तेच हवे. परवा रविवारी सकाळी दोन्ही घड्याळे पुन्हा स्टेशनवर लावली. मी वर जिथे ऑक्टोबरात उभा होतो तिथेच उभा राहिलो.

सेहेचाळीस मिनिटे, दहा सेकंद. मागे मासळीच्या दोन पाट्या बांधलेल्या, अंगात रोजचा सदरा, आणि मधे शिंग्रोबाला नमस्कार. ओझ्यासकट तो माझ्या दाखल्यापेक्षा लवकर वर आला. मला पाहून थांबला. "मास्तर, आज रविवारचं हितं? बांगडा ताजा हाय, वैनीस्नी देऊ का?" मी दोन बांगडे घेतले. आमच्याकडे मासळी चालत नाही हे त्याला आठवले तेव्हा आम्ही दोघेही हसलो. त्या क्षणी सांगायला हवे होते. मांजराने बांगडे खाल्ले.

घड्याळ कधीच चुकले नव्हते. ते मला ऑक्टोबरातही माहीत होते का? चार महिने हाच प्रश्न मी टाळला. आज उत्तर लिहितो: होते. पुरते नव्हे, पण पुन्हा मोजले तर कळेल एवढे होते, म्हणून मोजले नाही. माझ्या हातात आयुष्यात एकदा असा गडी आला आणि तो तुझ्या रंगाच्या सदऱ्यात दिसेल, हे मला सहन झाले नाही.

सोबत नवा दाखला जोडला आहे. एकेचाळीस मिनिटे, वीस सेकंद. ओझ्यासह सेहेचाळीस, दहा. जुना रद्द, आणि का रद्द तेही लिहून खाली सही केली आहे. दत्तोबांनी साक्षीदार म्हणून सही केली, घड्याळाचा नंबरही घातला. तुमची यादी पंधरा तारखेला बंद होते असे कळते. ती जागा अजून रिकामी असेल तर त्याला बोलाव. माझ्या शब्दावर घेऊ नकोस, तसे मागण्याजोगा माझा शब्द उरला नाही. तू स्वतः ये, घड्याळ आण आणि त्याला एकट्याला घाटात सोड. हे पत्र तुमच्या मंडळापुढे वाचायचे असल्यास वाच. आमच्या मंडळापुढे शनिवारी मी स्वतः वाचणार आहे. चिटणीस मग कोणाला करायचे ते ते ठरवतील.

एक सांगतो. तो आला तर त्याला सपाटीवर दमवू नकोस. मागे राहिलेल्या सोबत्यासाठी तो वळून खाली गेला तर रागावू नकोस. त्याचा तो स्वभाव आहे, माझ्या आज्ञेपुरता नव्हता, हे मला आता पुरते कळले आहे. आणि निलगिरीत तो सगळ्यांच्या पुढे वर पोचला, की त्याच्या नावापुढे तुमच्या मंडळाचे नाव खुशाल लाव. आंदर मावळ, कुसूर, एवढे मात्र त्याच्याखाली लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा, पुढच्या वर्षी घाटात तुझ्याविरुद्धच उभा राहणारा,
माधव

उद्याचे काम, एकच: शाळेच्या आधी भट्टीवर जाऊन, सोपान पाव बांधत असतानाच, सगळ्यांदेखत त्याला त्याची खरी वेळ सांगणे.