बावीस फूट

करंजाडे, १४ सप्टेंबर २०१४

ती. बाबांस कल्पेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी बरा आहे. कळंबोलीच्या गोदामातून आलं की दार लावून कॉम्प्युटरपुढे बसतो. हसू नका, सध्या कार्टूनमधल्या राक्षसाचा भाला किती वेगानं जातो ते काढतोय. इंटरनेटवर असे हिशोब करणारी मंडळी आहेत. माझ्याशी रोज बोलणारी तेवढीच.

व्हिडिओच्या एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. भाला होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन चित्रांत पोचतो. होडीची लांबी कळली की वेग निघाला. ती दिसायला थेट आपल्या होडीसारखी, म्हणून मी आपलीच लांबी धरली, तीस फूट. मंडळी म्हणतात, अंदाज नको, मोजून सांग. तेवढी मोजाल का?

नारळी पौर्णिमेला येतो म्हणालो आणि राहूनच गेलं. रागावू नका, माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा कल्पेश

उरण, २१ सप्टेंबर

चि. कल्पेशला बाबाचे अनेक आशीर्वाद.

राक्षसाचा हिशोब ठेवतोस, स्वतः जेवतोस का ते लिवलं नाय. शेजारच्या गंगाबाईला पत्र वाचून दाखवलं, ती लय हसली.

होडी आता नाय रे. पुनवेला पूजा मांडून तुजी वाट बगितली, मग नारळ एकट्यानंच सोडला. एकट्यानं होडी ढकलवत नाय, जाळं वडवत नाय. रेवसच्या गणूला देऊन टाकली. तुला कळवायचा धीर झाला नाय.

पन ती ठेवायचो तिथं चिखलात तिचा खळगा हाय. गंगाबाईनं दोरीचं टोक धरलं नि मी मोजला. बावीस फूट. तू बारका असताना बगितलीस, म्हणून तुला तीस वाटली.

करंजाड्यावरनं इथं तासाभराची वाट. तुजा वेग काय हाय, तो पन एकदा काड. घर खायला उठतं.

जपून राहा, लोभ आमचा हायच.

बाबा

करंजाडे, २५ सप्टेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तीस फुटांचा हिशोब मागे घेतला. बावीस फूट, माझ्या वडिलांनी मोजली, असं लिहिलं. त्यावर एकानं होडीचा फोटो मागितला. होडीच नाही, तर फोटो कुठला? कॉम्प्युटर बंद करून हे पत्र लिहायला घेतलं.

शनिवारी येतोय. भरतीनं बुजायच्या आत तो खळगा मला बघायचाय. कडी वाजवली तर तुम्हाला ऐकू यायची नाही, तेव्हा दार नुसतं लोटून ठेवा.

तुमचा कल्पेश