रिकामा चौकोन

लोअर परळ,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय लतिका,

सप्रेम जय भीम. महाडला सगळे बरे ना? आईचे गुडघे कसे आहेत? तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

इथे ठीक. तुझ्या दाजींची, हर्षवर्धनची, सेकंड शिफ्ट असते. नूपुर शाळेतून आली की शेजारच्या सुंदराबाईंकडे बसते. तिचा तो बोलका टॅब, चित्र दाबलं की शब्द बोलतो तो, मध्यंतरी बिघडला होता.

नाही, बिघडला नव्हता. खोटं लिहिलं.

मी ऑफिसात असायचे आणि तीन वर्षं तूच तिला सांभाळलंस, तूच तो टॅब शिकवलास. गेल्या महिन्यात मी दारात चप्पल काढत होते आणि तिने दाबलं, "मावशी. हवी." नऊ वर्षांत तिच्या तोंडून एक शब्द नाही. तू ओरडलीस, "ताई, बघ ना, दोन शब्द जोडले तिने!" आणि मी म्हणाले, "स्वतःला मूल नाही, म्हणून माझं पळवतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस. मी थांब म्हटलं नाही.

तू गेल्यावर टॅबवरचं तुझ्या फोटोचं 'मावशी' बटण मी पुसून टाकलं. वाटलं, आता 'आई' दाबेल. पण ती तो रिकामा चौकोनच दाबत बसली. मग स्वतःच्या हाताला चावली. थेरपीच्या कालिंदी मॅडमनी विचारलं, "इथे काय होतं?" मी म्हणाले, "काहीतरी बिघाड आहे."

आठवड्याने फोटो परत लावला. तू रेकॉर्ड केलेला आवाज मात्र गेला होता, म्हणून माझ्याच आवाजात 'मावशी' रेकॉर्ड केलं. तिने दाबलं. ऐकलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी टॅब पालथा घातला.

आता ती पाण्यासाठीही दाबत नाही. माठाशी उभी राहून भिंतीवर डोकं आपटते. बोलून काही मिळत नाही, हे तिला मी शिकवलं, लतिका.

तुला जे बोलले ते परत घेता येत नाही, आणि माफ कर म्हणायचं माझं तोंड नाही. मी समोर नको असेन तर दुपारी ये. मी सातशिवाय येत नाही. किल्ली सुंदराबाईंकडे ठेवलीय.

'तुझी' लिहायला हात धजत नाही. नुसतीच,
रश्मी