बाबा जेलात होते

ता. ४, मंगळ.
नात मीरा शाळेतून आली ती गाल फुगवून. तिच्या वर्गात म्हणे जुन्या अमेरिकन माणसांची सोंगं घ्यायची. पुतळ्यासारखं उभं राहायचं, कुणी कागदाचं लाल बटण दाबलं की बोलायचं. हिच्या वाट्याला आलेला माणूस आधी वकील, मग तुरुंगाचा अधिकारी, मग पुढारी. नाव माझ्या जिभेवर बसेना. "सो बोरिंग, आजी!" मी म्हटलं, अगं, माझे बाबासुद्धा जेलात होते! पोरीचे डोळे लिंबाएवढे.
मग काय, सांगतच बसले. बाबा जेलातले शिपाई, कमरेला चाव्या. आमची खोली तुरुंगाच्या भिंतीला लागून. तिथली घंटा झाली की आईचा तवा चढे. कैद्यांनी विणलेल्या एका सतरंजीवर आम्ही पाच भावंडं. काय ऊब होती तिला! इथलं हीटिंग... अगंबाई, भात लागला.

ता. ९, रवि.
मीराच्या सोंगासाठी सूनबाईच्या काळ्या कोटाला पितळी बटणं लावली. काय रुबाब दिसतो पोरीचा! मराठी मंडळींच्या जेवणात कोट घालून मिरवली, सांगत सुटली, "आजीचे बाबा जेलमध्ये होते." मराठी मोडकंतोडकंच बोलते. कुलकर्णी, इथले सगळे कार्यक्रम तेच करतात, उठून पायाच पडले. "काकू, वडील स्वातंत्र्यसैनिक? बोलला नाहीत कधी!" माझ्या तोंडात साबुदाणा वडा. गिळेपर्यंत टाळ्या. शनिवारी सत्कार म्हणे. शाल, नारळ.
बेचाळीसवाले आत होते तेव्हा बाबा दाराशी होते, साहेबाचा पगार घेऊन. आई म्हणायची, चोरून गूळ द्यायचे त्यांना. खरंखोटं देव जाणे.
चौथीपर्यंत शाळेत मी पोरींना सांगायची, बाबा सरकारात आहेत. मोठी झाले कुठं?

ता. १४, शुक्र.
बर्फातून घसरत शाळा गाठली. मीरा कोटात, हातात माझ्या बॅगेच्या कुलपाची चावी, एवढीशी. मी बटण दाबलं. वकिली भराभर म्हणून टाकली, तुरुंगाशी आली तशी चावी उंच धरली. इंग्रजी सगळं, मला कळलं ते शेवटचं, "माय ग्रेट-ग्रँडफादर टू!" सर्दीचं निमित्त करून डोळे पुसले.
गाडीत तिला सांगून टाकलं, कुलकर्णीकाकांची समजूत चुकली गं, आणि मी गप्प बसले. "सो टेल देम, आजी." सोपं आहे का ते? उद्याच्या सत्कारासाठी जांभळी साडी काढून ठेवलीय.
घरी आल्यावर तिनं ते लाल बटण माझ्या स्वेटरला चिकटवलं. "उद्या मी दाबणार. मग तू बोल."
अजून आहे तिथंच. काढलेलं नाही.