शिडीवरून पडतो तो मीच

होव्ह, मंगळवार

प्रिय आई,

मी अगदी मजेत आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण डाव्या हातानं लिहितोय. उजव्याला जरा आराम दिलाय, एवढंच. घरमालकीण बटाटे भरपूर वाढते. तुझा खोकला कसा आहे?

आमचा सिनेमा शनिवारी तुमच्या ओल्डहॅमला लागतोय. पोलिसाला चुकवताना चुन्याच्या बादलीसकट शिडीवरून पडणारा रंगारी, तो मी.

आमच्याकडे रीत अशी की, कॅमेऱ्याचं हँडल फिरतंय तोवर पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी शिडी खरंच मोडली. मी बोंबललो, पण आम्ही सगळे बोंबलतोच, पडद्यावर आवाज थोडाच येतो. दिग्दर्शक पर्किन्स म्हणाले, "झकास, विल्फ! असाच लोळत राहा." नंतर म्हणाले, "लेका, एवढा अभिनय कुठं लपवून ठेवला होतास?"

थिएटरात सगळे हसतील. तूही हस, नाहीतर शेजारच्या हॉलरॉइडबाई वर्षभर चिडवतील. नंतर मी उठलो, माझ्या पायांनी घरी आलो. तेवढं सिनेमात नाही, म्हणून आधीच कळवतोय.

तुझाच,
विल्फ