चौतीस दात आणि दोन झाकणं

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, दादाचे अ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर थोरलीचं नाव निघालं की तू फोन आपटतेस. पत्र आपटून बघ, आवाज होत नाही.

मुद्द्याचं सांगतो. येत्या दहा मार्चला आई ऐंशीची होते. तिने एकच मागितलं आहे: ती आणि आपण तिघं, असा एक फोटो. त्यासाठी चार वर्षांपूर्वी आणलेली चौकट अजून तिच्या भिंतीवर रिकामीच आहे. परवा मला म्हणाली, काचेत बघून केस विंचरता येतात, तेवढा तरी उपयोग होतो. ती हसत म्हणाली, पण मला फार वाईट वाटलं.

तुम्ही दोघी एकाच गावात राहता, पण आईकडे एक सम तारखेला जाते आणि दुसरी विषम. तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहाल ही आशा मी सोडली आहे. म्हणून कंप्युटरवर फोटो जोडायचं सॉफ्टवेअर शिकायला बसलो आहे. चाळीस वर्षं कवळ्या करून लोकांच्या तोंडात दात बसवले, आता फोटोत माणसं बसवायची. त्यात जादूची कांडी नावाचं एक हत्यार आहे. ती आईच्या कपाळाला लावली तर कपाळ, भिंत आणि माझा सदरा असं सगळं एकदम निवडलं गेलं. मागची छत्री पुसायला गेलो तर आईला तिसरा कान आला. व्हिडिओतला शिकवणारा सारखा म्हणतो, अगदी सोपं आहे. त्याच्या बापाचं काय जातं!

तुझा एक उभा फोटो पाठव. लोभ आहे तेवढा पुरे, सध्या फोटो हवा.

तुझा दादा


ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

दिवसभर टपाल कचेरीत लोकांच्या पत्रांवर शिक्के मारते, मला मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून तुझं पत्र दोनदा वाचलं.

पिवळ्या कोटातला फोटो पाठवते आहे. त्यात डोळे मिटलेत, तेव्हा तोंड ओळखपत्रावरचं घे. मला आईच्या डावीकडे ठेव, आणि तिला उजवीकडे, हाताला हात लागणार नाही अशी.

माझी बाजूही ऐकून घे. चार वर्षांपूर्वी आईच्या वाढदिवसाला आम्ही दोघी आपापले कुकर तिच्याकडे घेऊन गेलो. घरी येऊन बघते तर माझ्या नव्याकोऱ्या कुकरवर तिचं जुनं झाकण, कसंबसं दाबून बसवलेलं. फोन केला तर बाईसाहेब उलट मलाच चोर म्हणाल्या! आधी तिने झाकण आणून द्यावं. तोवर मी पातेल्यात शिजवीन.

वाढदिवसाला सकाळी मी जाणार, संध्याकाळी तिने जावं. चुकलंमाकलं पोटात घाल.

धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

ती. दादास, थोरलीचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. शिवणाची गिऱ्हाईकं खोळंबली आहेत, म्हणून थोडक्यात. निळ्या स्वेटरमधला फोटो घे, त्यात खांदे छान शिवल्यासारखे बसलेत. तोंड मात्र सहलीच्या फोटोतलं लाव. मला तिच्याहून बुटकी केलीस तर याद राख. आणि झाकणाचं म्हणशील तर आधी तिने आणून द्यावं. तोवर मी पातेल्यात शिजवते आहे.

माया पातळ होऊ देऊ नये.

थोरली


ता. ५ मार्च

चि. थोरलीस व चि. धाकटीस, अ. आ.

एकच मजकूर दोघींना पाठवतो आहे, म्हणजे कोणाला जास्त लिहिलं असा वाद नको.

फोटो झाला! छापून आईकडे रवाना केला. धडं तुमच्या एका फोटोतली, डोकी दुसऱ्यातली, त्यामुळे काम नाजूक होतं. पण तोंडं पडद्यावर मोठी करून बघितली आणि माझ्या हाताला राहवेना. थोरलीचा पुढे आलेला दात मागे सारला. धाकटीची फट बुजवली. दातांच्या रंगांची जुनी पट्टी पडद्याला लावून रंगही जुळवला. त्याच भरात सुरकुत्या पुसल्या.

मग मात्र पंचाईत झाली. मी जन्मभर माणसं दातांवरून ओळखत आलो. नाक तर आपल्या तिघांचं एकाच साच्यातलं. दोन गुळगुळीत डोकी समोर, आणि कोणतं कोणाचं ते कळेना. शेवटी अंदाजाने बसवली. बहुतेक बरोबर बसली असावीत.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणूस आपापल्या वेगळ्या थरावर असतो, थेट आपल्या घरातल्यासारखा. शेवटी त्याने विचारलं की सगळे थर एकत्र करायचे का. मला गहिवरून आलं आणि मी हो दाबलं. आता ते पुन्हा सुटे होत नाहीत म्हणे.

रागावलात तरी जेवून रागवा.

तुमचा दादा


ता. १० मार्च, रात्री

ती. दादास, आम्हा दोघींचा सा. न.

लिहिते आहे धाकटी, पण शेजारी बसून थोरलीही सांगते आहे.

तू केलंस काय हे? पिवळ्या कोटावर थोरलीचं डोकं! निळ्या स्वेटरवर माझं! थोरली म्हणते, असला पिवळा रंग ती मेल्यावरही घालणार नाही. मी म्हणते, त्या स्वेटरचे खांदे मुळीच बरे नाहीत. यावर ती म्हणाली, निदान तुझी फट तरी ठेवायची होती, तिच्याशिवाय तू ओळखू येत नाहीस. मलाही तिच्या दाताचं वाईट वाटलं. तो दिसला नाही तर ती हसते आहे की शिंकते आहे तेच कळत नाही.

तू येच इकडे, दोघी मिळून बघतो तुझ्याकडे. रागातसुद्धा माया असतेच, ती घे.

धाकटी (आणि थोरली)


ता. १२ मार्च

चि. बाळास, आईचे अ. आ.

बासष्ट वर्षांचा झालास तरी कारभार तोच. फोटो मिळाला. मला दात भरपूर दिलेस. भिंग लावून मोजले, चौतीस आहेत.

धाकटी सकाळी आली, फोटो बघून लालबुंद झाली आणि थोरलीला दाखवल्याशिवाय हलायचं नाही म्हणून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. थोरली दारातून आत आली तशी धाकटीने फोटोच पुढे केला. चार वर्षांत पहिलं वाक्य बोलली ते हे, की बघ या दादाचे प्रताप. मग दोघींनी मिळून तासभर तुझा उद्धार केला. मला इतका आनंद झाला की तुझी बाजूही घेतली नाही.

शेवटी म्हटलं, डोकी बदलली तरी मला दोघी माझ्याच दिसतात, मग झाकणांचं काय घेऊन बसलात? काल दोघी कुकर घेऊन आल्या. झाकणं जागच्या जागी बसली. शिट्ट्या झाल्या तेव्हा मी पदराने डोळे पुसले आणि वाफेवर ढकललं.

फोटो चौकटीत लावला आहे. दुरुस्त करायला जाऊ नकोस. केस आता साध्या आरशात विंचरते.

आता पुढचं एकट्यानेच वाच. चार वर्षांपूर्वीच्या त्या वाढदिवसाला भांडी मी घासली होती. झाकणं बसत नव्हती, तरी दाबून मीच बसवली. पहिल्या दिवशी सांगायची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी भीती, आणि बघता बघता चार वर्षं गेली. तू डोकी चुकवलीस ते बघितलं आणि म्हटलं, शोभतोस खरा माझा. हे पत्र फाडून टाक.

तुझी आई