नव्वदचे सतरा

प्रिय धाकट्या,

फोनवर जे बोलवत नाही ते मी आजवर तुला पत्रातच लिहीत आले, तेव्हा पाकीट पाहूनच तू काय ते ओळखलं असशील. बसून वाच. हात कसा आहे? उरलेल्या दोन बोटांनी शर्टाची बटणं लावायला शिकलास, असं तुझी बायको सांगत होती. 'आता फक्त टाय राहिला, पण त्यासाठी आधी साहेब व्हावं लागेल,' असं म्हणालास म्हणे. मी हसले, आणि मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

माझं काम, कुठल्या शेअरचा भाव रास्त नि कुठल्याचा महाग ते तपासून लिहायचं, तुला एकदा स्वयंपाकघरात समजावलं होतं, आठवतं? कंपनी एका शेअरमागे वर्षाला एक रुपया कमावते आणि बाजार त्या शेअरला नव्वद मोजतो. तू म्हणालास, 'ताई, नव्वद वर्षांनी पैसे सुटणार, तोवर मी आहे कुठे?' मी कागदावर मांडून दाखवलं. नफा दरवर्षी चाळीस टक्क्यांनी वाढला तर पाच वर्षांत एकाचे सव्वापाचाच्या वर होतात, आणि आजचे नव्वद तेव्हाच्या कमाईच्या सतरा पटच ठरतात. सतरा काही महाग नाहीत. तू तो कागद घडी करून खिशात घातलास. चष्म्याच्या दुकानांची ती कंपनी तपासायला माझ्याकडेच होती. तिचा भाव रास्त आहे, असं माझ्या सहीनिशी छापून आलं होतं. छापखान्यात कागद कापायच्या यंत्राने तुझी तीन बोटं नेली, त्यांची भरपाई तू तिच्यात घातलीस. बाइंडिंगचं स्वतःचं दुकान काढायचं होतं ना तुला.

चाळीस टक्के खरे होते रे. पण ते नव्या दुकानांचे. कंपनीचा माणूस गाडी घेऊन यायचा, नवं दुकान दाखवायचा, आणि मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून आत जाणारी माणसं मोजायची. जुन्या दुकानासमोर कधी उभीच राहिले नाही. गेल्या आठवड्यात गेले, एकटी, बसने. सहा दुकानं, प्रत्येकासमोर तीन तास. एका ठिकाणी सकाळभर चार माणसं आली, त्यातली दोन नुसता स्क्रू बसवून घ्यायला. परत येऊन जुन्या दुकानांची विक्री वेगळी काढली. तीन वर्षं घसरतेय. नवी दुकानं उघडणं मंदावलं की वाढही मंदावणार. ती आठ टक्क्यांवर आली, तर पाच वर्षांनीही नव्वद पटीचे एकसष्ट पटच होतात. एवढे कोण मोजेल?

आणि हे तू मला सांगितलं होतंस. त्यांचं सगळ्यात जुनं दुकान तुझ्याच खोलीखाली आहे. दोन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, की तिथली बाई दिवसभर स्वेटर विणते, तिच्या सगळ्या नातेवाइकांचे विणून झाले, आता बहुतेक तुझा नंबर. मी ते पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. सगळे हसलो. माझ्या आकड्यांत ती बाई कुठेच आली नाही.

मंगळवारी तुझा फोन आला, 'थोडे उरलेत, तेही घालू का ताई?' तेव्हा माझा नवा अहवाल टेबलावर तयार होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, विका. तो बाहेर पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, घरच्यांना तर मुळीच नाही, असा आमचा नियम. मी म्हणाले, 'तुझं तू बघ.' तू म्हणालास, 'दमलेली वाटतेस, जेव वेळेवर.' संध्याकाळी तुझा निरोप आला, घातले. नियम चांगलाच आहे. नाहीतर आमची भावंडं आधी सुटतील आणि परक्यांची बुडतील. पण मी गप्प राहिले ती नियमासाठी की माझ्या खुर्चीसाठी, हे मला अजून सांगता येत नाही. उद्या सकाळी अहवाल बाहेर पडेल, हे पत्र परवा पोहोचेल. तोवर भाव कोसळलेला असेल. आणि मी तुला ओळखते, तू फोन करून माझीच समजूत घालशील, 'असू दे ताई, तुला तरी काय ठाऊक होतं?' तेवढं म्हणू नकोस. मला मंगळवारी ठाऊक होतं.

तुझीच,
ताई