रामेश्वरचा पास

नाना,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज रविवारच्या दुपारी मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. कारण ऐकलंत तर तुम्हाला हसूच येईल. मी सिलोनला निघाले आहे. आता त्याला श्रीलंका म्हणतात, पण तुमच्या तोंडी कायम सिलोनच होतं, म्हणून तेच लिहिते. मधली काही वर्षं तिथल्या मारामाऱ्यांमुळे कोणी तिकडे फिरकत नव्हतं. आता उत्तरेकडचा भाग सोडून बाकी ठिकाणी पुन्हा प्रवासी नेऊ लागलेत. इथल्या एका यात्रा कंपनीने पत्रक काढलंय. त्यावर नारळाची आणि केळीची झाडं, समुद्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘पुन्हा खुले झालेले नंदनवन’. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ते पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, बाई, केळीच बघायच्या तर इथे रावेरला जाऊन या, पासपोर्ट तरी लागत नाही. सगळे हसले. मी तिकडे केळी बघायला नाही, तुमच्यावरचा राग काढायला चालले आहे, हे त्यांना काय सांगणार.

बोदवडला तुमची बदली झाली आणि तुम्ही तिथेच मुरलात. तिकिटाच्या खिडकीमागे बसून तुम्ही जगाला गावोगावी पाठवलंत. लोखंडी यंत्रात पुठ्ठ्याचं तिकीट सारून खटकन तारीख उमटवायचात, तो आवाज आमच्या क्वार्टरपर्यंत यायचा. रेल्वे तुम्हाला दरवर्षी कुटुंबासकट फुकट प्रवासाचे पास द्यायची. आम्ही त्यांवर कुठे गेलो? धुळ्याला, आईच्या माहेरी, आणि तेही कोणाचं लग्न नाहीतर कोणाचं दहावं निघालं तर. बाकीचे पास तुम्ही मागवतच नव्हतात. आईचं स्वयंपाकघर रुळांकडे तोंड करून होतं. ती घड्याळ बघत नसे, गाड्यांवर स्वयंपाक करत असे. सकाळची पॅसेंजर सिग्नलपाशी शिट्टी द्यायची तेव्हा तिचा तवा तापलेला असायचा. मालगाडी भरलेली आहे की रिकामी, हे ती भाकरी थापता थापता मान वर न करता सांगायची. सगळ्या गाड्या तिला ओळखीच्या होत्या आणि एकीनेही तिला कधी कुठे लांब नेलं नाही.

संध्याकाळी तुम्ही अंगणात खाटेवर टाईमटेबल उघडून बसायचात. मी आणि धाकटा भाऊ तुमच्या दोन बाजूंना. बोदवडहून पॅसेंजरने वर्धा. वर्ध्याला गाडी बदलायची, पूल चढून पलीकडे जायचं. मग मद्रास. मद्रासला एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात. तिथून थेट समुद्रापर्यंत, मग बोट, आणि बोटीतून उतरलं की समोर सिलोनची गाडी उभी. मद्रासहून पुढचं सगळं एका तिकिटावर, असं म्हणताना तुमचा आवाज बदलायचा. आम्हाला ते पाढ्यांसारखं पाठ झालं. आत चुलीपाशी बसलेल्या आईलाही झालं असणार, पण ते तुमच्या कधी लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मी दहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही खरंच पास मागवलात. बोदवड ते रामेश्वर. पुढच्या बोटीचं तिथे गेल्यावर बघू म्हणालात, निदान ती उभी असलेली तरी बघू. मे महिना होता. आई दोन दिवस चुलीपुढून उठली नाही. दुधात भिजवलेल्या गोड दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा तिने चिंचेने असा घासला की त्यात भावाला स्वतःचं तोंड दिसलं. वळकटी बांधून दारात ठेवली होती. मी नवा परकर घालून वळकटीवर बसले आहे, आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवरून येताय. तुमच्या चालण्यावरूनच आईला कळलं. ती उठून आत गेली.

तुमच्या जागी काम करायला भुसावळहून जो माणूस येणार होता तो आला नव्हता. तार आली होती. यात तुमचा काय दोष, नाना? काही नाही. नोकरी ती नोकरी. पण तेव्हा आई दारात येऊन, डोक्यावरचा पदर सारखा करून, हळूच म्हणाली, “मंग आम्हीच जासूत पोरेसले लई. पासवर मनं बी नाव शे.” तिला हे कुठून ठाऊक होतं कोण जाणे. कर्मचारी बरोबर नसला तरी बायकामुलांना पासवर जाता येतं. तुम्हाला तर नियमांची पुस्तकं पाठ होती. तुम्ही टोपी काढून खुंटीला लावलीत आणि म्हणालात, “तुला काय कळतं गाड्या बदलण्यातलं? पोरं हरवून बसशील.”

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं, रागाचं मनावर घ्यायचं नसतं असं तरी आम्ही म्हटलं असतं. तुम्ही ते साखर संपली म्हणावं तसं म्हणालात. मग तीन दिवस आम्ही प्रवासाचं जेवण घरात बसून जेवलो. दशम्या, पुऱ्या, चटणी. आईने ताटं घेतली नाहीत, डबा मध्ये ठेवला आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती बसलो. बाहेरून गाडी गेली की कोणी कोणाकडे बघत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी तवा पुन्हा पॅसेंजरच्या शिट्टीवर तापला. तो डबा तिने माळ्यावर टाकला, तो माझ्या लग्नातसुद्धा खाली काढला नाही.

दोन-अडीच वर्षांनी वादळात रामेश्वरपुढची, बोटीपर्यंत नेणारी ती शेवटची लाईनच समुद्रात गेली. तुम्ही पेपरमधली बातमी आईला वाचून दाखवलीत आणि म्हणालात, बघ, बरं झालं आपण गेलो नाही. नाना, वादळ आलं ते हिवाळ्यात. आपण निघालो होतो मे महिन्यात, आणि तेही दोन वर्षं आधी. तुमच्यासारख्या वेळेच्या पक्क्या माणसाने असा हिशेब मांडावा, याचा मला आजही संताप येतो. चौथीत माझा पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही मला मागच्या वर्षीचं टाईमटेबल बक्षीस दिलं होतंत. मी ते उशाशी घेऊन झोपायचे. मुलीच्या हातात सगळ्या हिंदुस्थानच्या गाड्या द्यायच्या आणि तिच्या आईला वर्ध्याचा पूलही दाखवायचा नाही, हा कुठला न्याय?

तर आता मी चालले आहे. मी, तुमचे जावई आणि नात. दिवाळीच्या सुट्टीत, दहा दिवस. जळगावहून वर्धा, वर्ध्याला गाडी बदलून मद्रास, आणि तिथून विमान, कारण तुमची बोट आता सुटत नाही. पासपोर्टचे फॉर्म मी स्वतः भरले. पोलीस चौकशीला आला तेव्हा त्याने विचारलं, बाई, तिकडे तुमचं काय काम? मी म्हटलं, काम काही नाही, बघायला जायचंय. हे वाक्य उच्चारताना मला फार बरं वाटलं. ते तुम्हाला ऐकवायचं होतं.

आई आमच्याकडेच असते. सत्तरीला टेकलीये, पण पापड वाळत घालायला गच्चीवर माझ्याआधी पोचते. मागच्या सोमवारी ती तुरीची डाळ निवडत बसली होती आणि नात पत्रक मोठ्याने वाचत होती. वर्ध्याला गाडी बदलायची, असं ती वाचते आहे, आणि आई डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणते, “वर्धाले पूल चढना पडस.” आयुष्यात वर्धा न पाहिलेली बाई. आम्ही दोघी हसलो. मग थोड्या वेळाने, सुपाकडेच बघत, तिने मला विचारलं, “किती दिननं शे ते?”

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, “दहा दिवसांचं. पण तुला नाही झेपायचं, आई. गाडी बदलायची, मग विमान. तुला काय कळणार त्या बदलाबदलीतलं?”

ती ‘हां’ म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मला काहीही जाणवलं नाही. मी घड्या पुऱ्या केल्या, कपाटात ठेवल्या. तुमचं ते वाक्य मी आयुष्यभर पाठ करून ठेवलंय असं मला वाटत होतं. आज वर ते कागदावर उतरवलं तेव्हा माझा हात थांबला.

काल तिने आत्तापासूनच, तिच्या सामानातून आमच्याकडे आलेला तो पितळी डबा माळ्यावरून काढवून घेतला आणि चिंचेने घासला. तो आत्ता माझ्यासमोर ओट्यावर उन्हात पालथा आहे. तिघांना किती दशम्या लागतील, असं तिने जावयांना विचारलं. तिघांना, म्हणाली. पासपोर्टच्या माणसाने मला चार फॉर्म दिले होते, घरात आणखी कोणी असेल तर असू द्या म्हणून. चौथा कपाटात कोरा आहे. दिवाळीला अजून चार महिने आहेत, म्हणजे वेळ नाही असंही मला म्हणता येणार नाही.

हे पत्र लिहिताना मी दोनदा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. ती नाही म्हणेल म्हणून नव्हे. ती हो म्हणेल, मग तिच्या पावलाने चालावं लागेल, तिला काय बघायचंय ते बघावं लागेल, आणि ही सहल माझी राहणार नाही, म्हणून. तुम्हालाही त्या दिवशी टोपी खुंटीला लावताना हेच वाटलं असेल. ते मला आज पहिल्यांदा कळलं, नाना, आणि त्याचाही मला रागच आला.